पाटी नसलेले अड्डे : गिरणगावातले पिठे, गुत्ते, ताडीची दुकानं आणि पर्मिट रूम

चिंचपोकळीकर | शनिवार, रात्री ११:४०

भाच्याला नोकरी लागली म्हणून त्याने गेल्या आठवड्यात पार्टी दिली. लोअर परळला, एका गिरणीच्या आवारातल्या पबमध्ये. आत शिरलो आणि मान आपोआप वर गेली. छप्पर तेच होतं, करवतीच्या दात्यांसारखं, कापड विणायच्या साच्यांवर उत्तरेचा उजेड पडावा म्हणून बांधलेलं. आता तिथून पिवळे दिवे लोंबतात. बिल भाच्याने मला दाखवलं नाही, शहाणा मुलगा आहे.

बाबा साचेखात्यात होते. या गिरणीत नाही, पलीकडच्या. पाळी सुटल्यावर ते कुठे 'बसतात' हे आमच्या चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त मोठ्याने कुणी बोलायचं नाही. पबमधून घरी आल्यावर काकांना फोन केला आणि विचारलं, त्या गुत्त्याचं नाव काय होतं? काका म्हणाले, "नाव कसलं रे? आम्ही 'मागं' म्हणायचो. जरा मागं जाऊन येतो म्हटलं की समजायचं."

गिरणगावातल्या इराण्यांवर लेख आहेत. थिएटरं, व्यायामशाळा, भजनी मंडळं, गणपती, सगळ्यांची कुठे ना कुठे नोंद आहे. गुत्त्यांची नाही. जी जागा कायद्याच्या लेखी नव्हतीच, तिला पाटी कोण लावणार? म्हणून यादी करायला घेतली आहे. आत्तापर्यंत एवढीच झालीय : 'मागं' (चिंचपोकळी), 'जिन्याखाली' (काळाचौकी), 'पिंपळाशी' (लालबाग), 'नळावर' (शिवडी रस्त्याकडे).

भर घाला. माणसांची नावं मात्र नकोत, त्यांची नातवंडं आज बँकेत-शाळेत नोकरीला आहेत. आणि भाईलोकांच्या गोष्टी नकोत, त्या सिनेमावाल्यांनी सांगून संपवल्यात.

---

अक्कलदाढ | शनिवार, रात्री ११:५८

चणे-फुटाणे घेऊन बसलोय. येऊ द्या.

---

दुपारपाळी | रविवार, सकाळी ७:१५

मी साताऱ्याकडला. १९६८ ला गिरणीत बदलीवर (कुणी गैरहजर असला की त्याच्या जागी) लागलो, पुढं कायम झालो. टायपायला नातू मदत करतोय, त्यामुळं शुद्धलेखन त्याचं.

पहिली पाळी सात ते साडेतीन, दुसरी साडेतीन ते रात्री बारा, तिसरी बारा ते सात. गुत्ताही तिन्ही पाळ्या चालायचा, कारण भोंगा वाजला की गिऱ्हाईक आलंच. सकाळी सातला लोक देवळात जात्यात तसं रातपाळीवाले आत जायचे. आमच्यात एक समज होता की घशात अडकलेला कापूस दारूनं खाली उतरतो. काही जण त्यासाठी गूळ खायचे. मी दोन्ही करायचो.

बसायचं म्हणतात, पण बसत कोण होतं? उभ्यानंच. माप दोनच, नवटाक आणि पावशेर. शेर-छटाक कधीच बंद झाले होते, मिली आले होते, पण गुत्त्यात नवटाकच. जाड बुडाचा काचेचा पेला, त्यात ओतायचं, एका दमात घ्यायचं, चिमूटभर मीठ जिभेवर, मनगटानं तोंड पुसायचं आणि बाहेर. तीन मिनिटं. पैसा असला तर उकडलेलं अंडं. बाहेर एक बाई सुकट भाजून विकायची, तिचा वास हीच पाटी म्हणा.

दहा तारखेला पगार. गेटवर एका अंगाला पठाण उभा, व्याजाला. दुसऱ्या अंगाला बायामाणसं. आणि मागच्या गल्लीत गुत्तेवाल्याचा पोऱ्या. तिघं टाळून घरी पोचला तो खरा पैलवान.

गाळ्यात आम्ही गावचे वीसेक जण ऱ्हायचो, पाळीनं झोपायचो. त्यातले निम्मे माळकरी. एकानं एकदा माळ खुंटीला टांगली आणि आमच्यासंगं आला. परत आला तर बाकीच्यांनी माळ लपवून ठेवलेली. आठ दिवस भजनात टाळ दिला न्हाई त्याला.

---

भंडारवाडा | रविवार, दुपारी १२:३०

काका, जबरदस्त! आणखी लिहा.

चिंचपोकळीकर, तुमची यादी १९५० नंतरची आहे. त्याआधी पाट्या होत्या. 'पिठा' हा शब्द किती जणांना आठवतो? दारूचा पिठा म्हणजे परवानाधारक दुकान. ही दुकानं मोठ्या प्रमाणात पारशांकडे होती. दारूवाला आणि पीठावाला ही आडनावं तिथलीच. पीठावाला म्हणजे गिरणवाला असं मला कॉलेजपर्यंत वाटायचं. :)

त्याच्याही आधी ताडी-माडी. आम्ही भंडारी. आमच्या पणजोबांकडे माहीम-दादरच्या पट्ट्यात माड होते. (ताडाची ती ताडी, माडाची ती माडी, शिंदीच्या झाडाची ती शिंदी. पेपरवाले सगळ्याला ताडी म्हणतात.) कमरेला दोर आणि कोयता, पोय (फुलांचा कोंब) बांधायची, तिला छाटा द्यायचा, खाली मडकं अडकवायचं. मडक्याला आतून चुना लावला आणि सूर्य वर यायच्या आत उतरवली तर नीरा. नाहीतर दुपारपर्यंत ती आपोआप माडी होते, माणसाने काही करावं लागत नाही.

१८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला आणि हे सगळं सरकारी परवान्याखाली गेलं. झाडागणिक कर. गावोगावच्या छोट्या भट्ट्या मोडून दारू गाळण्याचं काम मोजक्या ठिकाणी आणलं, त्यात मोठं ठिकाण म्हणजे उरण. मोहाची फुलं पंचमहालाकडून यायची, उरणला गाळली जायची आणि तिथून मुंबईच्या पिठ्यांत. म्हणजे कामगार गिरणीत यायला लागला त्याच काळात त्याच्या घरची दारू बेकायदा ठरली आणि सरकारी महसूल देणारी दारू त्याच्या वाटेत ठेवली गेली. योगायोग म्हणा हवं तर, मी म्हणत नाही.

---

अक्कलदाढ | रविवार, दुपारी १२:४४

वाचनखूण साठवली आहे. अवांतर : ताडदेव, ताडवाडी ही नावंही ताडावरूनच ना?

---

भंडारवाडा | रविवार, दुपारी १:०२

हो, तसंच मानतात.

---

कागदोपत्री | रविवार, संध्याकाळी ६:२०

निवृत्त कारकून. कुठल्या खात्याचा ते नावावरून ओळखा. बंदीच्या तारखा नोंदवून ठेवतो, नाहीतर पुढे गोंधळ होईल.

पहिली दारूबंदी १ ऑगस्ट १९३९. मुंबई प्रांताच्या खेर मंत्रिमंडळात अबकारी खातं डॉ. गिल्डर यांच्याकडे होतं. स्वतः पारशी, नावाजलेले हृदयरोगतज्ज्ञ, आणि सर्वात जास्त विरोध त्यांच्याच समाजातून, कारण पिठे त्यांचे. त्याच वर्षी युद्ध सुरू झालं, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि बंदी ढिली पडली. मग स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आणि ६ एप्रिल १९५० पासून राज्यभर पूर्ण बंदी. मोरारजीभाई तेव्हा गृहमंत्री.

या बंदीतून दोन गोष्टी जन्माला आल्या. एक हातभट्टी. दुसरी परमिट. डॉक्टरने लिहून दिलं की या गृहस्थाला प्रकृतीसाठी मद्य आवश्यक आहे, तर परमिट मिळायचं आणि महिन्याला ठरावीक युनिटं. डॉक्टरची फी देऊ शकणारा माणूस 'आजारी' ठरायचा, कामगार मात्र गुन्हेगार. औषधाच्या दुकानातलं आल्याचं टिंक्चरसुद्धा लोक प्यायचे.

वसंतराव नाईकांच्या काळात बंधनं हळूहळू सैल झाली. १९७३ च्या देशी दारूच्या नियमांनंतर सरकारमान्य दुकानं फोफावली. 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान' ही पाटी तेव्हाची. संत्रा, मोसंबी असे स्वाद आणि बाटल्या १८० आणि ९० मिलीच्या. दुपारपाळीकाकांचं नवटाक त्या नव्वदीत जाऊन बसलं.

आणि एक गंमत. तो १९४९ चा कायदा आजही रद्द झालेला नाही. महाराष्ट्रात पिण्यासाठी कागदोपत्री अजून परवाना लागतो. म्हणून तर 'बार' लिहिलेल्या पाटीवर 'परमिट रूम' असतं.

---

नलू_काळाचौकी | रविवार, रात्री ९:०५

धागा वाचतेय. छान लिहिताय सगळे. मीठ जिभेवर, अंडं, सुकटीचा वास.

माझी आई त्या गेटवर उभी असायची, दहा तारखेला, 'बायामाणसं' या एका शब्दात दुपारपाळीकाकांनी उरकली त्यांच्यात. मी तिचा पदर धरून. बाबांचा भाऊ आधी बाहेर यायचा आणि सांगायचा, "वहिनी, तो मागच्या दाराने गेला." त्या गिरणीला मागचं दार होतं की नाही ते मला आजही माहीत नाही.

आई खानावळ चालवायची. बारा गडी जेवायचे, दोन वेळा. महिन्याचे पैसे दहा तारखेला. गुत्तेवाला उधारी आधी घ्यायचा कारण त्याच्याकडे पोऱ्या होता, पठाण आधी घ्यायचा कारण त्याच्याकडे काठी होती. आईकडे काय होतं? भाकरी. ती बंद केली तर माणूस उपाशी झोपणार, आणि तो गावचाच. म्हणून तिचे पैसे शेवटी. १९७५ साली प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं, तेव्हा आईचं सावकाराकडे जाणं सुटलं. सही करायला शिकली ती त्या फॉर्मवर.

तुमच्या यादीत एक नाव लिहा. आमच्या चाळीतल्या बायका 'जिन्याखाली' म्हणत नसत. त्या म्हणायच्या 'खड्डा'.

---

चिंचपोकळीकर | रविवार, रात्री ९:४०

लिहिलं. आणि खरं सांगायचं तर मी धागा काढताना पबातल्या छपराकडे बघत होतो, गेटकडे नाही. आमची आईपण उभी राहायची. ते मी पहिल्या पोस्टमध्ये गाळलं.

---

रम्य_आठवणी | रविवार, रात्री १०:१५

चांगल्या धाग्याला वळण लागलं. प्रत्येक ठिकाणी स्त्रीवाद आणलाच पाहिजे का? तेव्हाचे लोक कष्ट करायचे, दोन घोट घेतले तर बिघडलं काय.

---

दुपारपाळी | सोमवार, सकाळी ७:०५

बिघडलं. माझं बिघडलं. पोरीच्या लग्नाला ठेवलेलं मोडलं मी. तुम्ही गप बसा जरा.

---

अॅडमिन | सोमवार, सकाळी १०:००

वैयक्तिक शेरेबाजी टाळावी. धागा विषयावर राहू द्या.

---

माझगावची_नात | सोमवार, रात्री ११:३०

दोन दिवस विचार करत होते लिहू की नको. नलूताई, मी दुसऱ्या बाजूची.

माझी आजी 'आंटी' होती. आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतलेच मूळचे ख्रिस्ती, घरात आमची मराठीच. आजोबा गोदीत कामाला होते, अपघातात गेले. पदरात चार मुलं. आजीला दोन गोष्टी येत होत्या, बाटलीमसाला कांडणं आणि माणसं ओळखणं. मसाल्यावर घर चालेना. मग पुढच्या खोलीत दोन बाकडी टाकली.

लोकांना वाटतं आंट्या घरी दारू गाळायच्या. काही गाळत असतील, आजी नाही. माल खाडीकडून यायचा. तिकडे काळा गूळ आणि नवसागर पिंपात घालून कुजवायचे, त्याला 'रसायन' म्हणत, आणि ते गाळायचे. सायकलच्या नाहीतर मोटारीच्या ट्यूबमध्ये भरून माल पहाटे यायचा. आणणाऱ्याही बहुतेक बायकाच, लुगड्याखाली फुगे बांधून, सातव्या महिन्याच्या पोटाने. हवालदाराला कळत नसे असं नाही. पण पोटुशी बाईला हात कोण लावणार? आणि त्याचा हप्ता वेगळा होताच.

आजी पहिल्या धारेची बशीत थोडी ओतून काडी लावायची. ज्योत निळी आली तर माल आत, पिवळी आली तर परत. मी मोठी झाल्यावर रसायनशास्त्र शिकले. मिथेनॉल, म्हणजे दारूत मिसळलं तर जीव घेणारं विषारी अल्कोहोल, त्या परीक्षेत पकडलं जात नाही. म्हणजे तिच्याकडे कुणी मेलं नाही हे तिच्या परीक्षेमुळे नव्हे, नशिबाने. २०१५ ला मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली तेव्हा मला रात्रभर तिची बशी दिसत होती.

तिला लिहिता येत नव्हतं. उधारीच्या वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाचं चित्र असायचं. एकाचा मासा, एकाची छत्री, एकाचं नुसतं मोठं नाक. पुढे रेघा, नवटाकाला आडवी, पावशेराला उभी. ती वही माझ्याकडे आहे. छत्रीच्या पुढे अख्खं पान भरलंय आणि खाली एक क्रूस. पैसे बुडाले म्हणून काढला की माणूस गेला म्हणून, ते विचारायचं राहिलं.

स्वतःच्या मुलांना तिने थेंब शिवू दिला नाही. माझा मोठा मामा म्हणून दुसऱ्या आंटीकडे प्यायला जायचा.

---

नलू_काळाचौकी | मंगळवार, सकाळी ६:५०

वहीतल्या त्या छत्रीवाल्याचे पैसे बुडाले असतील तर खानावळीतही त्याचे बुडालेले असणार. ती वही जपून ठेवा. आईची वही आम्ही रद्दीत घातली.

---

बर्मिंगहॅमकर | मंगळवार, दुपारी ३:१०

थोडं अवांतर, पण राहवत नाही. मी इंग्लंडात वेस्ट मिडलंड्समध्ये राहतो. आमच्याकडे उलटं घडलं. १९५०-६० च्या दशकांत इथल्या फाउंड्रीत पंजाबी कामगार आले. कोपऱ्याकोपऱ्यावर पब, पण अनेक ठिकाणी त्यांना आत घेत नसत, किंवा वेगळ्या खोलीत बसवत. १२ फेब्रुवारी १९६५ ला अमेरिकेतला कृष्णवर्णीयांचा नेता माल्कम एक्स आमच्या भागातल्या स्मेदिकला येऊन गेला, तेव्हा त्यालाही इथल्या पबमधला हा भेद दाखवला होता. नंतर नऊ दिवसांनी त्याची न्यूयॉर्कमध्ये हत्या झाली.

पुढे कारखाने बुडाले, गोरं गिऱ्हाईक आटलं आणि बंद पडायला आलेले हेच पब पंजाब्यांनी चालवायला घेतले. आता त्यांना 'देसी पब' म्हणतात. पाटी जुनीच इंग्रजी, आत बिअर आणि तंदूरवर भाजलेली कोंबडी. इथे पाटी टिकली, माणसं बदलली. तुमच्याकडे छप्पर टिकलं.

---

कागदोपत्री | मंगळवार, संध्याकाळी ७:००

शेट्टी लोकांच्या परमिट रूमबद्दल कुणीच लिहिलं नाही. सत्तरीत उडुपी-मंगळूरकडची मंडळी इडली-डोशातून या धंद्यात उतरली. बाहेर नायलॉनचा पडदा, आत गुडूप अंधार, भिंतीवर बालाजी. काकडीच्या चकत्या आणि मसाला लावलेले चणे फुकट. 'क्वार्टर सिस्टीम' म्हणजे सीलबंद बाटली तुमच्यासमोर फोडणार. हातभट्टीत हात पोळलेल्या गिऱ्हाइकाला त्या सीलचंच अप्रूप. कामगार इथे क्वचित यायचा. यायचे ते जॉबर (कामगारांवरचे मुकादम), हेडजॉबर, युनियनचे लोक आणि गिरणीतले आम्हासारखे पांढरपेशे.

---

दुपारपाळी | बुधवार, सकाळी ७:३०

गिरणी संपाचं सांगतो. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. पयल्या महिन्यात गुत्ते भरलेले. कामच न्हाई, मग करायचं काय? उधारी चालू होती, समद्यांना वाटत होतं संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत आहेत, चार महिन्यात निकाल लागंल. गुत्तेवालाही तेच म्हणायचा, संप मिटला की बघू. होळीपर्यंत त्यानं वही मिटली. गटारीला यायचं म्हणून मी आषाढात गेलो तर आत तो एकटाच बसलेला. एरवी गटारीला पाय ठेवाया जागा नसायची. मला म्हणाला, आज तुला फुकट, कुणीतरी घ्या.

मी घेतली न्हाई. मोठेपणा म्हणून न्हवं. दोन दिवस पोटात काही न्हवतं, उलटली असती.

पुढं आमच्यातलेच दोघंतिघं ट्यूब वाहायला लागले. साचा चालवणारे हात. एकाला तडीपार केला. मी गावी गेलो, चार वर्षांनी परत आलो, वॉचमन झालो. कुठं? एका गिरणीच्या आवारात जो पब झाला न्हवं, त्याच्या गेटावर. कुठला ते लिहीत न्हाई. रात्री दीडला पोरं-पोरी बाहेर पडायच्या, मी गाडी मागवून द्यायचो. चांगली पोरं. एक जण रोज विचारायचा, काका जेवलात का?

---

चिंचपोकळीकर | बुधवार, सकाळी ८:१०

काका...

---

नवा_परळकर | बुधवार, सकाळी ११:२५

मी समोरच्या टॉवरमध्ये राहतो. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या पबला आग लागली ती खिडकीतून पाहिली. १४ जण गेले. इथे गिरणी होती एवढंच मला माहीत होतं. आवारात साडेतीनचा भोंगा वाजायचा हे आज या धाग्यावर कळलं.

---

अक्कलदाढ | बुधवार, रात्री १०:००

'उभी बाटली, आडवी बाटली' मतदान आमच्या वॉर्डात झालं होतं, देशीच्या दुकानासाठी. बायकांनी आडवी केली. दुकान दोन चौक पुढे सरकलं, दुसऱ्या वॉर्डात. इथे लिहावं की नाही कळत नव्हतं, लिहून टाकलं.

---

चिंचपोकळीकर | रविवार, सकाळी ९:३०

आज पहाटे उठून चालत फिरलो, चिंचपोकळी ते शिवडी. यादी अशी झालीय :

'मागं' : भिंत आहे, मागे वाहनतळ.
'जिन्याखाली' / 'खड्डा' (नलूताईंकडून) : चाळ पाडली, टॉवरचा पत्रा लागलाय.
'नळावर' : नळ गेला. जागेवर मोबाइलचं दुकान.
'आंटीकडे', माझगाव : घर आहे, लाकडी कठडासुद्धा. पत्ता लिहीत नाही.
'पिंपळाशी', लालबाग : झाड आहे! पार बांधून फरशी बसवलीय, दत्ताची तसबीर, रोज दिवा लावतात. तिथल्या फुलवाल्याला विचारलं, इथे काय होतं पूर्वी? म्हणाला, "पूर्वीपासून देवस्थानच."

---

दुपारपाळी | रविवार, सकाळी १०:०५

दत्ताची तसबीर हाय म्हणजे झाड उंबराचं असणार. बघितलं न्हाई का नीट? तिथं पिंपळ कधीच न्हवता. पयल्या दिवशी कुणीतरी अंधारात पिंपळ म्हणाला, मग समदे पिंपळच म्हणायला लागले. यादीत पिंपळच ठेवा.